आबांची काळी माती आणि दोन सारखे कोड

मे महिन्यात अमळनेरकडच्या एका आबांचा फोन आला. "भाऊ, हाई मन्हा वावरनी माटी नही शे." आम्ही पाठवलेल्या माती परीक्षणाच्या अहवालात लिहिलं होतं, हलकी मुरमाड जमीन, सामू (म्हणजे पीएच) ६.९. आबांचं वावर तापीकाठचं, काळंभोर. उन्हाळ्यात भेगांत हात जातो. तिथं सामू सातच्या आत कसा येईल?

मातीच्या नमुन्यांच्या दोन पिशव्यांवर एकच कोड छापला गेला होता. चिठ्ठी उचलावी तसा कुठलाही कोड काढणारा प्रोग्राम माझाच. इंग्रजीची २६ अक्षरं आणि १० आकडे, मिळून ३६. त्यातून ओ आणि शून्य, आय आणि एक असे चार काढले, कारण मातीने माखलेल्या लेबलावर ते ओळखू येत नाहीत. आमच्या जळगावच्या गाड्यांच्या नंबरात एमएच १९ च्या पुढे येणाऱ्या अक्षरांतही आय आणि ओ नसतात. उरले ३२. चार जागा, प्रत्येक जागी ३२ पर्याय, म्हणजे ३२ × ३२ × ३२ × ३२ = १०,४८,५७६ कोड. खरिपाआधीचे नमुने ३,०००. दहा लाखांत तीन हजार, म्हणून मी निर्धास्त होतो.

पण प्रत्येक नवी पिशवी आधीच्या एकूण एक पिशव्यांशी जुळू शकते. मोजायच्या असतात त्या जोड्या. ३,००० × २,९९९ ÷ २ म्हणजे ४४,९८,५०० जोड्या. त्याला १०,४८,५७६ ने भागलं की चारच्या वर उत्तर येतं. म्हणजे सरासरीने चारेक जोड्या सारख्या निघणं अपेक्षितच होतं. यादी चाळली तर पाच निघाल्या. वर्गात २३ मुलं असली की दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते, तोच हा हिशोब. आमच्याकडे ही निम्मी शक्यता १,२०० पिशव्यांच्या आसपासच गाठली गेली होती.

आता कोड आठ जागांचा आहे, फोनवर सांगायला सोपा जावा म्हणून चार-चारचे दोन तुकडे. पर्याय १ लाख कोटींच्या वर. तरीही छापण्याआधी प्रोग्राम जुन्या यादीत कोड शोधतो, सापडला तर दुसरा काढतो. ही एक ओळ मी पहिल्याच दिवशी लिहायला हवी होती.

दहाही पिशव्यांतली उरलेली माती पुन्हा तपासली. आबांचा सामू ८.३ आला. त्यांचा अहवाल ज्यांच्याकडे गेला होता त्या दादांना त्याच संध्याकाळी फोन लावला. खत घरात येऊन पडलं होतं, वावरात अजून टाकलं नव्हतं.