‘सदर नस्ती आढळून येत नाही’

माहिती अधिकाराचा अर्ज करणं अवघड नाही, हे आधी सांगून टाकते. जोडपत्र ‘अ’चा नमुना, त्यावर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आपल्या प्रतीवर आवक शिक्का. झालं. मला आमच्या गल्लीतल्या काँक्रीट रस्त्याची मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मोजमापं लिहिलेली वही, हवी होती. ठेकेदार आणि इंजिनिअर तिला नुसतं ‘एमबी’ म्हणतात. रस्त्याच्या कडा पहिल्याच पावसाळ्यात उखडल्या, पण बिल पूर्ण निघालं असं सगळे म्हणत होते.

खिडकीवरच्या बाबूंनी विचारलं, “मॅडम, कशासाठी पाहिजे?” कलम 6(2) प्रमाणे कारण सांगावं लागत नाही. मी म्हटलं, “वाचायला.”

कायद्यात 30 दिवसांची मुदत आहे. ती उलटून गेल्यावर उत्तर आलं: ‘मागणी केलेली सदर नस्ती कार्यालयीन अभिलेखात शोध घेतला असता आढळून येत नाही. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’

नस्ती म्हणजे फाईल. या दोन वाक्यांनी मला जेवढा मनस्ताप दिला तेवढा बाकी सगळ्या प्रकरणाने मिळून दिला नाही. रागावून, अर्ज फेटाळून नकार दिला असता तर भांडता तरी आलं असतं. इथे सगळं कसं नम्र! आम्ही शोधलं, नाही सापडलं, तुमचं काम संपलं. माहिती नाकारायची तर कलम 8 किंवा 9 चा आधार दाखवावा लागतो. ‘सापडत नाही’ हे कारण त्यात कुठेही नाही. शिवाय नकाराच्या पत्रात अपील कुणाकडे आणि किती दिवसांत करायचं, हे लिहिणं कलम 7(8) प्रमाणे बंधनकारक आहे. पत्रात तेही नव्हतं. देशाचा कायदा 2005 चा. त्याच्याही आधी, अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर महाराष्ट्राने स्वतःचा माहितीचा कायदा केला होता. एवढ्या वर्षांत त्या कार्यालयाने त्यातून नेमकं एवढंच वाक्य घोटून ठेवलेलं दिसतं.

पहिलं अपील त्याच इमारतीत, वरच्या खुर्चीकडे. जोडपत्र ‘ब’, तिकीट 20 रुपयांचं, मुदत 30 दिवस. सुनावणी सकाळी 11 वाजता आणि पोस्टमनने नोटीस आणून दिली त्याच दिवशी दुपारी! तशीच उठून गेले, तर “साहेब मीटिंगला गेलेत.” तिथेच उभ्या उभ्या हरकतीचं पत्र लिहिलं, नोटिशीच्या पाकिटाची झेरॉक्स जोडली आणि शिक्का घेतल्याशिवाय हलले नाही. म्हणून नवी तारीख मिळाली. नाहीतर ‘अपीलार्थी अनुपस्थित’ असा शेरा मारून प्रकरण बंद झालं असतं. पाकिटं फेकू नका. तारखेचा शिक्का पाकिटावर असतो, नोटिशीवर नाही.

मधल्या काळात मी एक गोष्ट केली आणि तिचा मला अजून अभिमान वाटतो. लेखा शाखेकडे वेगळा अर्ज टाकून त्याच रस्त्याचं देयक (बिल) आणि प्रमाणक (व्हाउचर) मागितलं. ते मुदतीत, विनातक्रार आलं. बहुतेक दोन शाखांचं आपसात बोलणं झालं नसावं. त्या देयकावर एमबीचा क्रमांक आणि पान क्रमांक स्वच्छ लिहिलेला होता. मोजमापं पुस्तिकेत चढल्याशिवाय बिल पुढे सरकतच नाही. कागद एकटा कधीच नसतो. आवक-जावक, देयक, लेखापरीक्षण, कुठेतरी त्याची नोंद राहतेच. मूळ कागद मिळत नसेल तर त्या नोंदी मागा.

सुनावणीत देयकाची प्रत पुढे ठेवली आणि विचारलं, “बिल पास होताना पुस्तिका होती ना? मग नंतर कुठे गेली?” लेखी मागणीही दिली: शोध घ्या, न सापडल्यास जबाबदारी निश्चित करा आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 खाली गुन्हा नोंदवा. त्या कायद्यात कैदेचीही तरतूद आहे. बांधकाम शाखेच्या साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. थोड्याच दिवसांत पुस्तिका सापडली. “दुसऱ्या कपाटात होती, मॅडम.”

वर पानाला 2 रुपये प्रमाणे पैसे मागितले. मुदत टळली की कलम 7(6) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते. दिली, तोंड वाकडं करून.

आधी सांगायचं राहिलं: आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत बसणारा हवा. ‘रस्ता का उखडला?’ असं विचारू नका, प्रश्नार्थक म्हणून परत येतं. ‘अमुक पुस्तिकेची प्रमाणित प्रत’ असं मागा. आणि 2018 च्या शासन परिपत्रकाप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख बघायला मिळायला हवेत. आमच्याकडे हे खिडकीवर कुणाला ठाऊक नव्हतं. परिपत्रकाची प्रत मीच दिली.

उशिराचा दंड दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000. पण तो लावायचा अधिकार फक्त माहिती आयोगाला, अपिलीय अधिकाऱ्याला नाही. आमचा जिल्हा पुणे खंडपीठात येतो. तिथली रांग लांब आहे, तरी तक्रार टाकली आहे.

पुस्तिकेत काँक्रीटची जाडी प्रत्येक ठिकाणी तंतोतंत सारखी लिहिली आहे. उखडलेल्या कडेला मी पट्टी लावून बघितली. तेवढी भरत नाही. कायद्यातल्या ‘माहितीचा अधिकार’ या व्याख्येत साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. परवा त्यासाठी नवा अर्ज दिला. खिडकीवरच्या बाबूंनी तो वाचला, शिक्का मारला आणि विचारलं, “मॅडम, हे पोस्टाने कसं पाठवायचं?”