आईची चादर

गेल्या वर्षी सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयात आईला लघवीची नळी घालायला पुरुष कर्मचारी आला, तेव्हा घरून आणलेली सोलापुरी चादर तिने दोन्ही मुठींत छातीशी घट्ट धरली आणि ती भिंतीकडे पाहत राहिली. 'सिस्टरना पाठवता का?' एवढेच मी विचारले. अर्ध्या तासाने सिस्टर आल्या, त्यांनी आधी आईला सगळे समजावून सांगितले, पडदा ओढला आणि काम झाले. 'कशाला त्रास दिलास त्यांना?' असे आई नंतर म्हणाली, तेच मला अधिक लागले.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेनुसार, पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असणे हा स्त्री रुग्णाचा हक्क आहे. दाखल होतानाची एक सही सगळ्यालाच पुरत नाही. तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेसाठी चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. जीव धोक्यात असताना थांबता येत नाही, रात्रपाळीला माणसे कमी असतात, हे मला मान्य आहे. पण आईच्या वेळी भरदुपार होती.

आता घरातले कोणीही, स्त्री असो वा पुरुष, दाखल झाले की स्त्रीसाठी स्त्री आणि पुरुषासाठी पुरुष कर्मचारी पाठवावा, ही विनंती मी केसपेपरवरच लिहून घ्यायला सांगते.