एकच शंकरपट, सहा भाषांत

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझे कृषी केंद्र आहे. मृगाच्या आधीपासून बियाण्यांसाठी आणि खतांसाठी जी गर्दी सुरू होते ती फवारणीचे दिवस सरेपर्यंत काही ओसरत नाही. पण कापसाची शेवटची वेचणी झाली आणि तूर घरात आली, की फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत दुकानात दिवसभरात मोजकीच गिऱ्हाइके येतात आणि त्यांतलेही निम्मे उधारी कमी करून घ्यायला आलेले असतात. हे अडीच महिने माझ्या प्रोग्रामिंगचे. मी शिकलेला संगणक अभियंता नाही, आणि या छंदातून मला आजवर एक रुपया मिळालेला नाही. मी एकच खेळ बनवतो, शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, आणि तोच खेळ गेल्या चोवीस-पंचवीस वर्षांत प्रोग्रामिंगच्या सहा भाषांमध्ये पुन्हा पुन्हा लिहिला आहे. घरातून दर उन्हाळ्यात एकदा तरी "तुमचा पट सुटते कवा?" असा प्रश्न येतोच.

सुरुवात १९९९ साली, बारावीनंतरच्या सुट्टीत, तालुक्याच्या गावी एका संगणक वर्गात झाली. तिथे ४८६ प्रकारचे जुने यंत्र होते, त्यावर डॉस ही यंत्र चालवणारी प्रणाली होती आणि डॉसबरोबर क्यूबेसिक, म्हणजे बेसिक भाषेत प्रोग्राम लिहायचे साधन, फुकट मिळत असे. बेसिक ही भाषा १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून तयार केली, हे मला फार उशिरा कळले. तेव्हा मला एवढेच दिसत होते की, नमुना म्हणून आलेला दोन गोरिलांनी एकमेकांवर केळी फेकायचा खेळ उघडला की त्याचा सगळा प्रोग्राम ओळीन् ओळ समोर येतो आणि त्यात हात घालता येतो. मी तो मोडून मोडूनच शिकलो. माझे बैल म्हणजे रंग भरलेले चार आयत होते; कळ जितक्या वेगाने दाबावी तितकी जोडी पुढे सरकत असे, आणि बैल फार भरकन जाऊ नयेत म्हणून प्रत्येक पावलानंतर मी एक ते पाच हजारांपर्यंत नुसतेच मोजणारे रिकामे लूप घातले होते. त्या यंत्रावर शर्यत अगदी झकास चालत असे.

दोन वर्षांनी यवतमाळला कॉलेजात गेल्यावर तीच फ्लॉपी मी पेंटियम या नव्या, वेगवान यंत्रावर चालवली, आणि झेंडा पडायच्या आत चारही बैल शेवटच्या रेषेपलीकडे गेलेले होते. पाच हजारांपर्यंत मोजायला जुन्या यंत्राला लागणारा वेळ नव्याला लागत नव्हता; मी वेळ मोजत आहे असे मला वाटत होते, प्रत्यक्षात मी यंत्राचा दम मोजत होतो. (त्या काळच्या अनेक संगणकांवर 'टर्बो' नावाचे एक बटण असे. नाव काहीही असले तरी त्याचा खरा उपयोग यंत्र मंद करण्यासाठी होता, कारण माझ्यासारख्यांनी लिहिलेले जुने खेळ वेगवान यंत्रावर खेळता येत नसत.) मग मी क्यूबेसिकचे टायमर वापरायला शिकलो, तर ते सेकंदात सुमारे अठराच वेळा पुढे सरकते. शंकरपटात हार-जीत सेकंदाच्या शंभराव्या भागात ठरते, आणि माझ्या पटात दर तिसरी शर्यत बरोबरीत सुटू लागली.

कॉलेजात टर्बो सी हे सी भाषेत प्रोग्राम लिहायचे साधन होते. सी ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडवली, आणि तिने मला जो धडा दिला तो कोणत्याही पुस्तकापेक्षा पक्का बसला. मी प्रत्येक जोडीची वेळ मिलिसेकंदांत मोजून एका साध्या पूर्णांकात ठेवली होती. टर्बो सी-मध्ये तो पूर्णांक १६ बिटांचा असतो, म्हणजे ३२,७६७ च्या पुढे त्याला मोजता येत नाही. त्यानंतरचा आकडा उणे ३२,७६८. एका मित्राने मुद्दाम रमतगमत खेळून तेहतीस सेकंद लावले, आणि त्याची वेळ उणे ३२,५३६ मिलिसेकंद अशी नोंदली गेली. सर्वांत कमी वेळ ज्याची तो विजेता, हा नियम मीच लिहिलेला होता. म्हणून सर्वांत रखडलेली जोडी पहिली आली आणि स्क्रीनवर तिच्या नावाने गुलाल उधळला गेला. सी-ने ना चूक दाखवली, ना प्रोग्राम थांबवला. ही भाषा आपल्याला शहाणे समजून चालते, आणि आपण तसे नसलो तर तिचा नाइलाज असतो.

पुढे बरीच वर्षे दुकान, लग्न आणि वावराचे काम यांत गेली. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. लहानपणी वडिलांबरोबर तळेगाव दशासरचा पट पाहायला जाणाऱ्या माणसाला त्या निकालामागची बैलांच्या हालांची बाजू कळत नव्हती असे नाही, तरीही त्या उन्हाळ्यात काहीतरी रिकामे झाले होते. मी जुना लॅपटॉप काढला आणि पायथन ही भाषा व तिच्यात खेळ बनवायचे पायगेम हे साधन यांपासून नव्याने सुरुवात केली. संध्याकाळचे भारनियमन आणि लॅपटॉपची दीड तासाची बॅटरी यांच्यामध्ये जे बसेल तेवढेच काम होत असे.

पायथन वाचायला इतकी सोपी आहे की आपल्याला ती येते असा समज आठवडाभरातच होतो. माझ्या खेळात हिऱ्या आणि मोत्या अशी एक जोडी होती. हिऱ्याचा वेग, दम, रंग असे सगळे गुण एकदा भरून झाल्यावर मी एका ओळीत 'मोत्या म्हणजे हिऱ्या' असे लिहून टाकले, कारण सी-मध्ये एक स्ट्रक्ट, म्हणजे एकत्र बांधलेल्या गुणांचा गठ्ठा, दुसऱ्यात टाकला की त्याची नक्कल तयार होते आणि मला तीच सवय होती. पायथनमध्ये नक्कल होत नाही, त्याच वस्तूला दुसरे नाव मिळते. हिऱ्या दमला की मोत्याही नेमका त्याच क्षणी दमत असे, आणि मोत्याला चुचकारले की हिऱ्या पळत असे. मला हे तीन रात्री कळेना; कळले तेव्हा असे वाटले की सातबाऱ्यावर दोन भावांची नावे आहेत म्हणून मी दोन वावरे धरून बसलो होतो.

खरी अडचण मात्र दुसरीकडेच होती. 'हिऱ्या' हे नाव मला बैलाच्या पाठीवर लिहायचे होते आणि पायगेम ते लिहीत नव्हते. तेव्हाचे पायगेम देवनागरीची अक्षरे जुळवत नसे, आली तशी एकापुढे एक मांडत असे: ह, त्याच्या मागे पहिली वेलांटी, मग ऱ, मग पाय मोडल्याची खूण, मग या. वेलांटी ह-च्या आधी यायला हवी आणि आपला तो चंद्रकोरीसारखा अर्धा ऱ य-ला चिकटायला हवा, ही जुळवाजुळव करणारा वेगळा प्रोग्राम लागतो हे मला ठाऊकच नव्हते. मी पळवाट काढली. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नाव टाइप केले, त्याचे चित्र जतन केले आणि ते चित्र बैलावर चिकटवले. खेळणाऱ्याला आपल्या बैलाचे नाव स्वतः टाकायचे असेपर्यंत ही युक्ती चालली, आणि नाव टाकायला पुतण्या पहिल्याच दिवशी बसला.

पुढच्या एका उन्हाळ्यात मी लुआ शिकलो. ही भाषा १९९३ साली ब्राझीलमध्ये, रिओच्या एका विद्यापीठात तयार झाली, आणि लुआ म्हणजे पोर्तुगीजमध्ये चंद्र. जिथल्या लोकांची बोली इंग्रजी नाही अशा देशातून आलेली ही भाषा जगभरच्या खेळांच्या पोटात जाऊन बसली आहे, याचे मला उगाचच समाधान वाटते. तिच्यात मोजणी शून्यापासून न होता एकपासून होते, आणि पटाच्या धावपट्ट्यांना पहिली, दुसरी म्हणणाऱ्या माझ्यासारख्याला ते फार बरे वाटले. देवनागरी मात्र लुआत खेळ बनवायच्या लव्ह या चौकटीतही तशीच विस्कटली. वर एक नवीन गोष्ट समजली. नाव फार लांब होऊ नये म्हणून मी दहाची मर्यादा घातली होती, आणि 'हिऱ्या' टाकताच खेळ चूक दाखवून बंद पडला. गावातल्या कोणत्याही पोराला विचारा, हिऱ्या हे दोन अक्षरांचे नाव आहे. पायथन ३ ते सहा मोजते, कारण तिच्या लेखी ह, वेलांटी, ऱ, पायमोड, य आणि काना हे सहा वेगळे घटक आहेत. लुआ बाइट, म्हणजे संगणकाच्या साठवणीचे छोटे कप्पे मोजते, आणि अक्षरे साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत यातल्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात, म्हणून तिच्या लेखी ते अठरा. माझ्या दहाच्या कात्रीने चौथ्या घटकाचा पहिला बाइट ठेवून बाकीचे दोन कापून टाकले होते, आणि त्या तुकड्याचे अक्षर होईना. बैलाचे नाव लिहिता येण्यासाठी तीन भाषा आणि दोन उन्हाळे गेले, पण अक्षर म्हणजे काय हे मला शाळेत कळले नव्हते ते इथे कळले.

जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेकडे मी याच कारणाने वळलो. ती ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत उभी केली आणि त्या घाईच्या खुणा तिच्यात आजही सापडतात, त्यांची यादी देण्यात अर्थ नाही. माझ्यासाठी महत्त्वाचे एवढेच, की ब्राउझरच्या कॅनव्हासवर, म्हणजे चित्र काढायच्या जागेवर, 'हिऱ्या' पहिल्या फटक्यात बरोबर उमटला, वेलांटी जागेवर आणि ऱ य-ला चिकटलेला. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या शर्यतींना अटींसह परवानगी दिली, तालुक्यात पुन्हा पटाच्या गोष्टी निघू लागल्या, आणि मी खेळाची लिंक गावाच्या व्हॉट्सॲप गटात टाकली.

दोन दिवसांत पुतण्या दुकानात आला. "काका, माझ्या मोबाइलवर बैल दुप्पट पळतात." त्याचा मोबाइल नवा होता, त्याची स्क्रीन सेकंदात १२० वेळा नवे चित्र दाखवणारी, आणि माझी ६० वेळा. मी दर चित्रामागे बैल ठरावीक पिक्सेल पुढे सरकवत होतो. म्हणजे १९९९ साली पाच हजारांपर्यंत मोजून जी चूक केली होती, तीच बावीस वर्षांनी पुन्हा केली होती, फक्त या वेळी ती महागड्या स्क्रीनवर झाली होती. उपाय सोपा आहे: मागचे चित्र दाखवल्यापासून किती वेळ गेला ते पाहायचे, सेकंदाला ६० चित्रे असतील तर सुमारे १६.६७ मिलिसेकंद, १२० असतील तर त्याच्या निम्मे, आणि वेगाला त्या वेळेने गुणून बैल तेवढाच सरकवायचा. मी तसे केले आणि गावात नवीनच प्रकार सुरू झाला. शर्यत चालू असताना फोन आला की ब्राउझर मागे जातो आणि चित्रे काढणे थांबवतो. बोलणे संपवून परत आल्यावर मधली दोन मिनिटे एका दमात गुणली जातात आणि जोडी एका उडीत जिंकते. हे पुतण्याने सर्वांत आधी ओळखले. तो मित्रांना सांगून ठेवायचा, शर्यत सुरू झाली की मला फोन लावा. दोन चित्रांमधला वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त धरायचाच नाही, अशी अट घालीपर्यंत त्याची जोडी तालुक्यात अजिंक्य होती.

२०२३ मध्ये मी गोडोवर आलो. हे इंजिन, म्हणजे खेळ बनवायचे तयार साधन, अर्जेंटिनातल्या दोघांनी बनवले आणि २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले केले. मी मोठी इंजिने का वापरत नाही असे लोक विचारतात. दिवसाला दीड जीबी डेटा मिळणाऱ्या माणसाने काही जीबींचे इंजिन उतरवायला घेतले तर आठवड्याचा डेटा त्यातच जातो. गोडो एकाच फाइलमध्ये येते, इन्स्टॉल करावे लागत नाही, आणि त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी नीट जुळते. त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा दिसायला पायथनसारखीच असल्यामुळे ती शिकायला मला दोन आठवडेच लागले. तिथे दर चित्राला चालणारे जे फंक्शन असते त्याच्या कंसात मधला वेळ आधीच दिलेला असतो. ज्या आकड्यासाठी मी दोनदा तोंडघशी पडलो तो या लोकांनी दारातच ठेवलेला पाहून मला हसू आले आणि थोडा रागही आला.

छंदाने शिकणाऱ्याने एकच भाषा धरून बसावे असा सल्ला जागोजागी मिळतो. नोकरी मिळवायची असेल तर तो योग्यच असेल. माझा अनुभव उलटा आहे: मी खेळ एकच धरला, म्हणून भाषा बदलता आली. बैल, पट्टी, झेंडा, घड्याळ हे सगळे आधीच ठरलेले असल्यामुळे नव्या भाषेत काय अडले ते लगेच दिसत असे आणि ते अडणे माझे आहे की भाषेचे हे ओळखता येत असे. याची किंमतही आहे. चोवीस वर्षांत माझ्या नावावर एकच खेळ आहे.

या एप्रिलमध्ये गावातले एक जुने धुरकरी, म्हणजे पटात जोडी हाकणारे, मागच्या हंगामाची उधारी चुकवायला दुकानात आले होते. पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत, अजूनही पट असला की पहाटेच निघतात. मी त्यांना मोबाइलवर खेळ दाखवला. त्यांनी तो हातात न घेता, काउंटरवर ठेवूनच, तीन शर्यती शेवटपर्यंत पाहिल्या आणि मग म्हणाले, "काहून रे बाप्पा, हे दोन्ही बैल एकाच पायानं कसे पयतात?"

ते खरे होते. बैलाच्या धावेची आठ चित्रे मी एकदा काढली होती आणि जोडीतले दोन्ही बैल तीच चित्रे त्याच क्षणी दाखवत होते. सहाही भाषांमध्ये ते तसेच चालत आले होते, कारण ते कोणत्याच भाषेत चुकीचे नव्हते. मी दुसऱ्या बैलाची चित्रे अर्ध्या पावलाने मागे टाकून दाखवली, तर ते म्हणाले, असे तर कवायतीतले शिपाई चालतात. मग त्यांनी दोन्ही हातांची बोटे काउंटरच्या काचेवर टेकवली आणि जोडी कशी पळते ते वाजवून दाखवले: आधी डावा हात एकटा, मग उजवा त्याला गाठायला धावतो, मध्येच दोघे एक-दोन पावले जुळतात आणि पुन्हा सुटतात. तो आवाज मी मोबाइलवर टिपून ठेवला आहे आणि रोज रात्री तो ऐकत बोटे मोजतो आहे. मृग दहा दिवसांवर आला आहे, बियाण्याची गाडी परवा येणार, आणि मोत्याची पावले अजून हिऱ्याच्याच तालावर पडत आहेत.