साम्पेंगच्या बोळात वाण घ्यायचं तर

जानेवारी जवळ आला, हळदीकुंकवाचे बेत सुरू झाले, की बँकॉकमधल्या मराठी मैत्रिणींचा एक प्रश्न ठरलेला असतो: "तुम्ही साम्पेंगहून वाण आणता ना? त्या गर्दीत नेमकं घेता कसं? आम्ही गेलो आणि धक्के खाऊन रिकाम्या हातांनी परत आलो." तुम्ही विचारलंत म्हणून हे सविस्तर.

साम्पेंग हा बँकॉकच्या चायनाटाउनमधला घाऊक बाजार, फिरायला जाण्याचा नाही. 1782 मध्ये राजधानी चाओ फ्राया नदीच्या या काठावर आली, तेव्हा राजवाड्याच्या जागेवरची चिनी वस्ती इकडे हलवली गेली आणि तिच्या व्यापारातून हा बोळ वाढला. आज तो चायनाटाउनच्या मुख्य, यावरात रस्त्याला समांतर, अरुंद आणि लांबलचक आहे. दोन्ही बाजूंना घाऊक दुकानं, माल अर्धा बाहेर मांडलेला आणि उरलेल्या फटीतून माणसं, हातगाड्या आणि चक्क मोटरसायकलीसुद्धा. तिथे सगळ्यात जास्त धक्के बसतात ते मध्येच थबकून बघत राहणाऱ्याला. बघायचं असेल तर आधी दुकानाच्या आत शिरावं, मग बघावं. मागून "खो थांग" ऐकू आलं की वळून न बघता भिंतीला चिकटायचं. तो हमाल वाट मागत असतो आणि भरलेली गाडी त्याला सहज थांबवता येत नाही.

जायचं सकाळी, नऊच्या सुमारास. अकरानंतर चक्रवात रस्ता ते राचावोंग रस्ता या मधल्या पट्ट्यात पाऊल उचलायला जागा नसते आणि पाचच्या आसपास शटर पडू लागतात. रविवारी बरेच घाऊकवाले बंद असतात. चिनी नववर्षाचे दिवस आणि एप्रिलमधलं सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष, तर सोडूनच द्या. चिनी नववर्ष जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं, म्हणजे रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू लांबवणाऱ्यांची नेमकी पंचाईत. वाण डिसेंबरातच घेऊन टाकावं.

आता वाट. बरेच जण पाहुरातच्या कापडबाजाराकडून आत शिरतात, आणि मग पहिल्याच अर्ध्या तासात हातात दहा वार कापडाचं ओझं येतं. मी उलटं सांगते. मेट्रोच्या निळ्या मार्गावर वाट मांगकोन स्थानकाला उतरा, यावरात रस्ता ओलांडून खाली या आणि साम्पेंगमध्ये शिरून पश्चिमेकडे चालत राहा. क्लिपा, माळा, पिशव्या, मोजे अशा हलक्या वस्तू आधी होतात, कापड शेवटी येतं आणि तिथून साम योत स्थानक जवळ पडतं. वाटेत ओंग आंग कालवा लागतो. त्याच्या काठावर मोकळा पदपथ आहे. पिशव्या खाली ठेवून हिशेब जुळवायला एवढी जागा पुरे.

सोबत पाठीवरची एक सॅक (गर्दीत ती पोटावर घ्यायची), दोन घडीच्या कापडी पिशव्या, पाणी आणि वीस, पन्नास, शंभरच्या नोटा. थाई बँकेत खातं असेल तर फोनवरून क्यूआरने पैसे देता येतात, पण लहान दुकानात रोख असलेली बरी. चाकांची बॅग मात्र नकोच. तिची चाकं लोकांच्या पायांवरून जातात आणि गटाराच्या जाळीत अडकतात. बाबागाडीचं तर नावच काढू नका.

भावाचं गणित एकदा कळलं की निम्मं काम झालं. बऱ्याच वस्तूंवर दोन आकडे लिहिलेले असतात. मोठा एका नगाचा. लहान घाऊक, आणि तो तीन, सहा किंवा बारा नगांपासून लागू होतो. समजा, छोट्या बटव्यावर 35 आणि 25 लिहिलंय आणि घाऊक भाव डझनापासून आहे. पंचेचाळीस बायका बोलवायच्या असतील तर चार डझन घ्या. अठ्ठेचाळीस बटव्यांचे 1200 बात (थाई चलन) होतात आणि तीन बटवे आयत्या वेळच्या पाहुणीसाठी उरतात. सुटे घेतले तर पंचेचाळिसांचेच 1575 जातील. म्हणून घासाघीस करण्यापेक्षा नग वाढवावेत. घाऊक भावावर आणखी कमी करा म्हटलं तर दुकानदारीण हसून मान हलवते आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. भाषेची अडचण वाटत असेल तर काळजी नको, तिथे सगळा व्यवहार कॅल्क्युलेटरवर चालतो. ती आकडा दाबून तुमच्यापुढे धरते, तुम्ही बोटांनी नग दाखवायचे.

दोन ठिकाणी मात्र हटकून घोटाळा होतो. पहिला रंगांचा. घाऊक भाव कधी कधी एकाच रंगाच्या डझनाला असतो. तुम्ही बारा रंग निवडून समोर ठेवता आणि दुकानदारीण ते परत जागेवर लावू लागते. आधीच "ख्ला सी दाय माय?" विचारावं, म्हणजे रंग मिसळून चालतील का. दुसरा घोटाळा मोजमापाचा. मणी वजनावर असतील तर पाटीवरचा आकडा किलोचा की एका "खीत"चा, म्हणजे 100 ग्रॅमचा, हे विचारून घ्या. स्वस्त वाटलेला भाव दहापट निघू शकतो. कापड मीटरवर नाही, वारावर मिळतं, आणि वार म्हणजे 91 सेंटिमीटर. पाच मीटर हवं असेल तर साडेपाच वार सांगा, नाहीतर पडदा जमिनीपासून वर लटकतो.

माल गल्ल्यावरच तपासायचा, कारण परत सहसा घेत नाहीत. बारांचं पाकीट उघडून खालचा थर बघा. वरचे चांगले आणि खालचे चेपलेले, असं होतं. क्लिपेची स्प्रिंग दोनदा दाबा, बटव्याची चेन टोकापर्यंत ओढा. दागिन्यांना स्टेनलेस म्हणत असतील तर खिशातला छोटा लोहचुंबक लावून पाहा. दागिन्यांत वापरतात ते 304 जातीचं पोलाद चुंबकाला जवळपास दाद देत नाही, आणि घट्ट चिकटलं तर आत साधं लोखंड असण्याचा संभव. अर्थात पितळ किंवा जस्ताचा मिश्रधातूही चिकटत नाही, तेव्हा चुंबकाने अर्धीच परीक्षा होते. मुलामा दिलेलं स्वस्त कानातलं बँकॉकच्या किंवा मुंबईच्या दमट हवेत लवकर काळं पडतं. वाणाला ते मी घेतच नाही. कापडी आणि कागदी वस्तू बऱ्या. कपडे घालून बघायला मिळत नाहीत, आणि "फ्री साइज" आपल्याकडच्या मध्यम बांध्यालाही तंग बसतो.

पावसाळ्यात, साधारण मे ते ऑक्टोबर, दुपारी सर येते. बोळावर ताडपत्र्या आणि पत्रे आहेत, पण दोन छपरांच्या मधल्या फटीतून पाण्याची धार नेमकी डोक्यावर पडते. कागदी मालाला दुकानातच प्लॅस्टिकची पिशवी मागून घ्या.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहाऱ्यांनी पिवळ्या झेंड्यावरचं लाल "जे" हे अक्षर ओळखायला शिकावं. तिथे मांस, मासे, अंडी नसतात आणि कांदा-लसूणही नसतो. चिनी वस्तीतला "जे" उत्सव बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राच्याच सुमारास येतो, तेव्हा तर यावरातभर हे झेंडे लागतात. एरवी पाहुरातला गुरुद्वाराच्या आसपास छोले, पराठे, चहा सगळं मिळतं.

ओझं जास्त झालं तर बोळाच्या तोंडाशी टॅक्सी शोधत उभं राहू नका. राचावोंग रस्त्यावर ती मिळाली तरी हलत नाही. मधूनच परतायचं असेल तर त्याच रस्त्याने नदीकडे चाला. टोकाला राचावोंग धक्का आहे. तिथून नारिंगी झेंड्याची बोट साथोन धक्क्याला नेते आणि साथोनला उतरलं की समोरच बीटीएसचं, म्हणजे उन्नत रेल्वेचं, सफान ताक्सिन स्थानक.