लॉर्शचा मठ: जाण्यापूर्वी वाचावे असे काही

माहितीपत्रकातले लाल-पांढऱ्या दगडांच्या नक्षीचे छायाचित्र पाहून त्यामागे भलामोठा मठ असणार, असे आम्ही धरून चाललो होतो. जर्मनीतल्या या छोट्या गावात प्रत्यक्षात उरले आहे ते नवव्या शतकातले तीन कमानींचे द्वारगृह, बाराव्या शतकातल्या चर्चचा एक तुकडा आणि थोडी तटबंदी. जागतिक वारसा यादीत १९९१ सालीच समाविष्ट झालेल्या स्थळाबद्दल एवढी साधी गोष्ट आधी कोणी सांगू नये, याचा मला खरोखर राग आला.

त्या रागात थकव्याचाही वाटा होता. शेजारच्या बेन्सहाइम गावाच्या रेल्वे स्थानकापासून पायी जाणे 'रम्य' असल्याचे आम्हाला सांगण्यात आले होते. हे पाच-सहा किलोमीटर सपाट आहेत, पण आमच्या वाटेवर सावली जवळजवळ नव्हती, आणि ए-५ महामार्ग ओलांडताना वाहनांच्या आवाजात शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नव्हते. हा टप्पा चालू नका. बेन्सहाइम-वर्म्स मार्गावरची गाडी लॉर्शला थांबते, तीच घ्या.

रिकाम्या हिरवळीवर उभे राहण्यापूर्वी इतिहास मात्र वाचलेला हवा. काउंट कँकोर आणि त्याची आई विलिस्विंडा यांनी ७६४ साली स्थापलेल्या या बेनेडिक्टाइन (ख्रिस्ती संन्याशांचा एक संघ) मठाच्या चर्चचे ७७४ साली पवित्रीकरण झाले, तेव्हा फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन स्वतः उपस्थित होता. ८७६ साली शार्लमेनचा नातू, 'जर्मन' या उपनावाने ओळखला जाणारा राजा लुडविग, येथेच पुरला गेला. पुढे १०९० साली मोठी आग लागली, सोळाव्या शतकात या भागाचा शासक ऑटहाइनरिश याने मठ बंद करून ग्रंथ हायडेलबर्गला नेले, १६२१ साली तीस वर्षांच्या युद्धात स्पॅनिश सैन्याने जाळपोळ केली, आणि त्यानंतर लोकांनी येथले दगड बांधकामासाठी नेले. म्हणजे मठ काळाने झिजला नाही, तो माणसांनी उचलून नेला. नाहीशा झालेल्या इमारतींची जागा आता जमिनीच्या चढउतारांतून दाखवली आहे. ठाऊक नसेल तर ती नुसती बाग वाटते.

द्वारगृहाच्या वरच्या मजल्यावरची रंगवलेल्या स्तंभांची भिंतचित्रे मार्गदर्शकाबरोबरच पाहता येतात. आम्ही उशिरा पोहोचल्याने ती हुकली, म्हणून फेरीची वेळ आधी ठरवूनच निघा. येथली हस्तलिखिते मात्र लॉर्शमध्ये शोधू नका. आठव्या शतकाच्या अखेरचा वैद्यकग्रंथ बाम्बर्गला आहे, आणि सुवर्णाक्षरी बायबल-ग्रंथाचे भाग व्हॅटिकन व रोमानियात विभागले गेले आहेत. हायडेलबर्ग विद्यापीठाने जगभर विखुरलेली लॉर्शची हस्तलिखिते संगणकावर एकत्र आणली आहेत. ती घरीच पाहून निघालात, तर त्या मोकळ्या हिरवळीवर काय होते हे उमगेल.