दिवस ९४ : खुर्चीवरून चौदा वेळा

आज सकाळी चौदा झाले. तीस सेकंदांत, हाताची घडी छातीवर ठेवून, कशालाही न धरता खुर्चीवरून पूर्ण उभं राहायचं आणि परत बसायचं, असे चौदा. आई समोर मोबाईलवर टायमर लावून मोठ्याने मोजत होती, बारानंतर तिचा आवाज बदलला तो मला उठता उठता पण कळला. टायमर वाजला आणि मग आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललोच नाही.

या टेस्टचे वयाप्रमाणे आकडे असतात. ६० ते ६४ वर्षांच्या पुरुषाचे १४ पेक्षा कमी आले तर पायांत ताकद कमी आहे असं धरतात. माझं वय ४९. म्हणजे मी आज कुठे माझ्यापेक्षा अकरा ते पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाच्या सगळ्यात खालच्या रेषेपर्यंत पोचलोय, आणि तरी मला इतका आनंद झालाय की दुपारी दोनदा वही उघडून तो आकडा बघितला. कारण हॉस्पिटलमधून घरी आलो त्या दिवशी हाच आकडा शून्य होता.

न्यूमोनिया झाला, त्यातून इन्फेक्शन रक्तात पसरलं, नऊ दिवस आयसीयू, त्यातले सहा व्हेंटिलेटरवर. त्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते नंतरचं, घरी पहिल्यांदा खुर्चीत बसलो आणि उठायचं म्हणून जोर लावला तर पायांनी काहीच केलं नाही. दुखलं नाही, थरथरले नाहीत, नुसते काही नाहीच. भावाने काखेत हात घालून उठवलं. मी कपडे बदलताना मांडी बघितली आणि ती माझी वाटली नाही.

मला वाटायचं की आजारपणाचा थकवा आहे, आराम केला की जाईल. ते तसं नसतं हे फिजिओ मॅडमनी सांगितलं. अतिगंभीर आजारात शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं, सूज आणि इन्फेक्शनमुळे एकीकडे मोडणं वाढतं आणि दुसरीकडे झोपून राहिल्यामुळे नवीन बनणं जवळजवळ थांबतं. लंडनमधल्या डॉक्टरांनी आयसीयूतल्या ६३ पेशंट्सच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीवर मोजला होता, २०१३ साली ते छापून आलं, दहा दिवसांत स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ साधारण १८ टक्क्यांनी कमी. दहा दिवसांत! आणि गेलेलं ते आराम करून परत येत नाही, वापरूनच येतं.

हे मला डिस्चार्जच्या वेळी कोणी सांगितलं नाही याचा राग अजून गेलेला नाही. गोळ्यांचं पूर्ण पान होतं, कुठली जेवणाआधी कुठली नंतर सगळं व्यवस्थित, आणि खाली एक ओळ, "हळूहळू हालचाल वाढवा". हळूहळू म्हणजे किती? कुठली हालचाल? तीन आठवडे मी बेडवर पडून बरा होण्याची वाट बघितली, ते तीन आठवडे फुकट गेले असं मला आजही वाटतं.

मग मॅडम आल्या. पहिला आठवडा तर व्यायाम म्हणायला लाज वाटावी असं काय काय होतं असं बघणाऱ्याला वाटेल, पण माझ्यासाठी तो डोंगर होता. पडल्या पडल्या पावलं वर-खाली करायची, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबून पाच सेकंद धरायचा, गुडघे मोडून कंबर उचलायची. प्रत्येकाचे पाच, दिवसातून तीनदा. उभं राहायच्या आधी बेडच्या कडेला पाय सोडून दोन-तीन मिनिटं बसायचंच, कारण इतके दिवस आडवं राहिल्यावर एकदम उठलं की बीपी खाली येतं आणि डोळ्यापुढे अंधारी येते. मग खुर्ची, आधी सीटवर दोन उशा ठेवून उंच केलेली, मग एक उशी, मग नुसती खुर्ची पण हात टेकवून. उशी काढली तो दिवस वहीत लाल पेनाने लिहिलाय.

एक गोष्ट मला फार नवलाची वाटली. खुर्चीचा आकडा तीन आठवड्यांत दोनवरून सातवर गेला आणि मांडीचा घेर, गुडघ्यापासून १५ सेंटिमीटर वर टेप लावून मोजतो मी, एक मिलिमीटर हलला नाही. मला वाटलं मोजण्यात चुकतोय. मॅडम म्हणाल्या बरोबर आहे, पहिले काही आठवडे स्नायू वाढत नाही, मेंदू आणि नसा शिकतात, जे तंतू शिल्लक आहेत त्यांना एकाच वेळी कामाला लावायला. स्नायू भरायला त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. हे कळल्यापासून मी आरशात बघणं सोडलं आणि फक्त आकड्यावर विश्वास ठेवायला लागलो. घेर आता कुठे दीड सेंटिमीटर वाढलाय.

आणि मग ती चूक. दिवस ५२. सकाळी इतकं छान वाटत होतं, कितीतरी दिवसांनी शरीर आपलं वाटत होतं, की मी कोणाला न सांगता दोन मजले जिना चढलो आणि वरून चाळीस मिनिटं चाललो. त्या दिवशी काहीच झालं नाही, उलट संध्याकाळी मी सगळ्यांना फोन करून सांगत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं उशीवरून उचलवेना. चार दिवस गेले त्यात. पाचव्या दिवशी खुर्चीचा आकडा आठवरून पाचवर आलेला बघून मी आईसमोर रडलो, आजारपणात पण रडलो नव्हतो.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी मला ० ते १० ची श्रमाची पट्टी शिकवली, ० म्हणजे नुसतं बसलेलं, १० म्हणजे आता याच्यापुढे शक्यच नाही. मी तीन-चारच्या मध्ये राहायचं. चालताना पूर्ण वाक्य एका दमात बोलता आलं पाहिजे, वाक्य तुटलं की वेग कमी. बोटाला ऑक्सिमीटर, ९० च्या खाली गेलं की थांबायचं, बसायचं, आणि परत परत तसं व्हायला लागलं तर डॉक्टरांना फोन. आणि शेवटी म्हणाल्या, "व्यायाम जमला की नाही ते व्यायाम संपल्यावर नका ठरवू, दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर ठरवा." सकाळी थकवा कालच्यापेक्षा जास्त असेल तर आज निम्मं करायचं. तेव्हापासून मी चांगल्या दिवशी जास्त घाबरतो, कारण वाईट दिवशी शरीरच थांबवतं, चांगल्या दिवशी मला थांबावं लागतं. अजून चार होतील असं वाटत असताना वही मिटायची, हे मला जिन्यापेक्षा अवघड गेलं.

भीती पण होती, ती लिहायची राहिली. चालायला लागलो की छातीत धडधडायचं आणि मला वाटायचं आलं परत, तेच सुरू झालं. बरेच दिवस धडधडलं की मी थांबून नाडी मोजायचो. ११८, दोन मिनिटांनी ९६, पाच मिनिटांनी ८४. परत परत ते खाली येताना बघून मग विश्वास बसला की ही आजाराची धडधड नाही, ही कामाची आहे.

मधे खूप खचलो होतो तेव्हा मॅडमनी अमेरिकेतल्या डॅलसचा प्रयोग सांगितला. १९६६ साली विशीतल्या पाच धडधाकट मुलांना तीन आठवडे बेडवर झोपवून ठेवलं आणि त्यांची दमश्वासाची ताकद मोजली. १९९६ साली तेच पाच जण परत बोलावले, पन्नाशीचे झालेले. तीस वर्षांच्या वयाने त्यांची ताकद जेवढी घटली नव्हती तेवढी त्या तीन आठवड्यांनी घटली होती. पण पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, त्यांनी पन्नाशीत सहा महिने हळूहळू वाढवत व्यायाम केला आणि विशीत झोपायच्या आधी जेवढी होती तिथपर्यंत ती ताकद परत आली. ते आजारी नव्हते, मी होतो, हे मला कळतं. तरी मी सहा महिने हा आकडा धरून बसलोय. अजून निम्मे बाकी आहेत.

आई ७६ ची आहे. पहिले काही दिवस ती नुसती मोजायची, मग एक दिवस बघतो तर समोरच्या खुर्चीवर ती पण उठतेय बसतेय. आता रोज दोघांचे आकडे लिहितो. तिचे आज दहा. ती म्हणते मी तुझ्यासाठी करते, पण परवा ती खाली बसलेली कशाला न धरता उठली आणि स्वतःच चकित होऊन माझ्याकडे बघत राहिली.

मला ते अजून जमत नाही, जमिनीवरून उठणं. काल बेडला धरून एकदा उठलो. पुढच्या आठवड्यापासून ते सुरू, आधी खाली जाड उशी ठेवून.

खुर्ची १४, आई १०. चालणं २२ मिनिटं, श्रम ४, ऑक्सिजन कमीत कमी ९४. पोटऱ्या थोड्या भरून आल्यात. सकाळी बघू.