गिरणाकाठी रोहूचे बीज तयार करताना

भडगाव तालुक्यातील आमच्या तळ्यांत रोहू, कटला आणि मृगळ चांगले वाढत असत. मात्र या माशांचे बीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्ले, दरवर्षी बाहेरून आणावे लागे. साचलेल्या पाण्यात या माशांच्या पोटात अंडी भरतात, पण पुराचे वाहते पाणी न मिळाल्यास ती आतच जिरून जातात. गिरणेला पूर आला की चढणीचे मासे उथळ काठाकडे धाव घेतात, हे आमच्याकडचे भोई बांधव पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. १९५७ साली ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या) अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवले. त्याच पद्धतीने बीज घरीच तयार करायचे, असे मी ठरवले.

खरे काम उन्हाळ्यातच असते. नर आणि मादी वेगळ्या तळ्यांत ठेवून मी त्यांना शेंगदाणा पेंड व भाताचा कोंडा नियमित दिला, आणि खान्देशातल्या मे महिन्याच्या उन्हात पाणी तापून प्राणवायू कमी पडू नये म्हणून विहिरीचे ताजे पाणी सोडत राहिलो. इंजेक्शन पिकलेली अंडी मोकळी करते, एवढेच. ती किती आणि कशी पिकतील हे माझ्या मते या महिन्यांतला आहारच ठरवतो.

पाऊस स्थिरावून पाणी निवल्यावर मऊ, फुगीर पोटाच्या माद्या आणि छातीचे पर खरखरीत झालेले, पोट हलके दाबताच दुधासारखे वीर्य देणारे नर निवडले. संध्याकाळी मादीला पहिली लहान मात्रा दिली, सुमारे सहा तासांनी दुसरी मोठी, आणि त्याच वेळी नराला त्याची एकमेव मात्रा. मग एका मादीमागे दोन नर याप्रमाणे ते कापडी हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या कापडाच्या पेटीत, सोडले. पहाटे पाणी ढवळू लागले आणि अंडी पडली. त्यांतली फलित अंडी मण्यांसारखी पारदर्शक दिसत होती, तर वाया गेलेली पांढुरकी.

साधारण पंधरा-सोळा तासांत जिरे, म्हणजे अंड्यांतून नुकतीच निघालेली इवली पिल्ले, बाहेर आले. पहिले तीन दिवस ते पोटाशी असलेल्या बलकावरच जगते. त्यानंतर लगेच त्याला प्राणिप्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, लागतात. म्हणून संगोपन तळ्यात आधीच शेण टाकून ते वाढवले होते आणि जिरे खाणारे पाणकिडे जाळीने काढले होते. पुढे बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) झाल्यावर प्रत्येक जातीचे खाणे वेगळे होते: कटला पृष्ठभागाजवळ प्लवंग टिपतो, रोहू मधल्या थरात शेवाळ आणि वनस्पतींचे अंश खातो, तर मृगळ तळाचा कुजका गाळ चाळतो. म्हणूनच आमची रोहूची बोटुकली आम्ही कटला आणि मृगळ यांच्या सोबतीनेच मोठ्या तळ्यात सोडली.